पनवेल-वाशी धीमी

पनवेलकराला कुठलंही अंतर किलोमीटरमध्ये सांगून उपयोग नसतो, ते स्टेशनांत सांगावं लागतं. अर्धमॅरेथॉन म्हणजे २१.०९७५ किलोमीटर, असं म्हटलं की तो नुसती मान हलवतो. पण 'पनवेलहून निघायचं; खांदेश्वर, मानसरोवर, खारघर, बेलापूर, सीवूड्स, नेरूळ, जुईनगर, सानपाडा करत वाशीला पोचायचं आणि तिथून आणखी किलोमीटरभर पुढे जायचं' असं सांगितलं की त्याचे डोळे मोठे होतात.

"चालत?"

"नाही, धावत."

"का? गाड्या बंद आहेत?"

प्रश्न रास्त आहे. लोकलने जे अर्ध्या तासात होतं, ते दोन-सव्वादोन तास घाम गाळून करायचं, वर त्यासाठी पैसे भरायचे, आणि शेवटी गळ्यात मेडल अडकवून त्याच लोकलने परत यायचं, यात पनवेलकराच्या व्यवहारज्ञानाला पटण्यासारखं काही नाही. पूर्ण मॅरेथॉनचा हिशेब याच रुळांवर पुढे नेला, तर माणूस शिवडीच्या आसपास संपतो. शिवडीला क्षयरोगाचं मोठं रुग्णालय फार पूर्वीपासून आहे, ही त्या काळच्या राज्यकर्त्यांची दूरदृष्टी म्हणायची.

राज्यकर्त्यांचा विषय निघालाच आहे म्हणून सांगतो. एकवीस किलोमीटरच्या पुढे ते जे ९७.५ मीटर लोंबकळतात, त्यांचं मूळ इंग्लंडच्या राजवाड्यात आहे. १९०८ च्या लंडन ऑलिंपिकमध्ये मॅरेथॉन विंडसर किल्ल्यापासून सुटली आणि स्टेडियममध्ये राजघराण्याच्या आसनांसमोर संपली. ते अंतर ४२.१९५ किलोमीटर भरलं आणि १९२१ मध्ये तेच जगासाठी कायम झालं. आपण त्याचा अर्धा भाग धावतो. म्हणजे ज्या राजवटीविरुद्ध पनवेलजवळच्या शिरढोणच्या वासुदेव बळवंत फडक्यांनी शस्त्र उचललं, त्याच राजवटीच्या बसण्याच्या सोयीसाठी आज पनवेलचा माणूस शेवटचे साडेसत्त्याण्णव मीटर जीव खाऊन पळतो. आणि सरावाला जातो तो शिरढोणवरूनच!

खरं तर पनवेलइतकी धावपळ कुठल्याच गावाने पाहिली नसेल. पुण्याकडे जाणारे पनवेलवरून जातात, कोकणात जाणारे पनवेलवरून जातात, गणपतीच्या आदल्या रात्री तर सगळी मुंबई पनवेलवरून जाते. जवळच विमानतळही झाला. सगळा महाराष्ट्र धावतोय आणि पनवेलकर एस.टी. स्टँडसमोर उभा राहून त्याला वडापाव विकतोय, असा वर्षानुवर्षांचा रिवाज होता. तो आता मोडला. पहाटे पाचला वडाळे तलावाकाठी जाऊन बघा. एकमेकांकडे न बघता, पण एकमेकांवर पूर्ण लक्ष ठेवून, गोल फिरणारी माणसं दिसतील. त्यांतले चालणारे मधुमेहासाठी चालतात. धावणारे दुसऱ्या धावणाऱ्यासाठी धावतात.

हे लक्षात यायला मला वेळ लागला. अर्धमॅरेथॉन ही एक स्पर्धा आहे असं वरवर वाटतं. तसं काही नसतं. ती हजारो खासगी भांडणं असतात. ती सगळी एकाच रस्त्यावर, एकाच वेळी, पोलीस बंदोबस्तात पार पडतात एवढंच. पहिला कोण येणार याच्याशी तिथल्या बहुतेकांना काही देणंघेणं नसतं. पहिला येणारा बिचारा आपण पहिलं पाणी पितो तोवर अंघोळीला गेलेला असतो. प्रत्येकाने एक पाठ निवडलेली असते आणि ती पाठ ओलांडायची असते. पाठीच्या मालकाला याचा पत्ता नसतो, कारण तोही पुढच्या एका पाठीमागे असतो.

आमच्या गटातलं भांडण जुनं पनवेल विरुद्ध नवीन पनवेल असं आहे. जुन्या पनवेलची बाजू लाइन आळीतले एक गृहस्थ सांभाळतात. बँकेतून त्यांनी स्वेच्छानिवृत्ती घेतली असली तरी बँकेने त्यांच्यातून घेतलेली नाही. धावण्याचा सगळा हिशेब लाल कापडी पुठ्ठ्याच्या वहीत, डावीकडे अंतर, उजवीकडे वेळ, खाली शिल्लक. आपल्या नगरपालिकेची स्थापना १८५२ ची, हे ते दम लागलेला असतानाही सांगू शकतात. नवीन पनवेलची बाजू एका इंजिनियरकडे. सिडकोच्या सेक्टरमध्ये राहतो, मनगटावर वाटीएवढं घड्याळ. ते घड्याळ त्याला नाडी, पावलं, झोप, दमट हवा आणि 'आज तुम्ही विश्रांती घ्या' असा सल्ला देतं. सल्ला तो पाळत नाही, पण कोणाला तरी आपली काळजी आहे म्हणून खूश असतो.

दोघांचा वयोगट एकच, पन्नास ते साठ. आणि तिसऱ्या एक शिक्षिका. त्या पहाटे साडेचारला घरातले डबे भरून येतात, कोणाशी फारसं बोलत नाहीत, घड्याळ लावत नाहीत आणि पहिल्या दोन किलोमीटरनंतर दिसत नाहीत. त्या मागे पडल्या असतील, अशी इंजिनियरची बरेच दिवस समजूत होती.

सराव ठरतो तो नेरे-मालडुंगे रस्त्यावर किंवा गोवा महामार्गावर. नेऱ्याच्या बाजूला भातशेती, समोर प्रबळगड, आणि प्रत्येक वाडीच्या तोंडाशी आपापली हद्द सांभाळणारी कुत्री. आजवर भारतात वेगाच्या सरावाच्या जितक्या पद्धती आल्या, त्यांत या कुत्र्यांची पद्धत सगळ्यांत परिणामकारक आणि निःशुल्क आहे. महामार्गाला कर्नाळ्याच्या खिंडीचा चढ मिळतो. तिथे पक्षी अभयारण्य आहे. पण धापा टाकणाऱ्या माणसाला जे आवाज ऐकू येतात ते पक्ष्यांचे नसून स्वतःचे असतात. तो चढ चढताना मागून टेम्पो येतो, हळू होतो आणि ड्रायव्हर खिडकीतून डोकं काढून विचारतो, "कुठं जायचंय? बसा, खारपाड्यापर्यंत सोडतो." नको म्हटलं की तो दुखावतो. आपण काही पैसे मागितले नव्हते, असं त्याच्या चेहऱ्यावर असतं.

एकदा रस्त्याकडेला भाजीची पाटी लावून बसलेल्या एका आजींनी आमचा जथा थांबवला. "कना झाला? कोन लागलाय पाठी?"

कोणी नाही, स्पर्धा आहे, असं आम्ही सांगितलं.

"मंग पैशे किती देतान?"

"देत नाहीत आजी. आम्हीच भरतो."

आजींनी सगळ्यांना एकदा निरखून पाहिलं आणि शिक्षिकाबाईंना तेवढी बाजूला बोलावून शेपूची जुडी फुकट दिली. बाकीच्यांना सुधारण्याची आशा त्यांना दिसली नसावी.

पावसाळ्यात हे प्रकरण आणखी गंभीर होतं. रायगडचा पाऊस अंगावर पडत नाही, अंगात शिरतो. बूट दोन दिवस वाळत नाहीत. मग आतली गादी काढायची, बुटात वर्तमानपत्राचे बोळे कोंबायचे, ते ओले झाले की बदलायचे आणि बूट फ्रिजच्या मागे, जिथून गरम हवा येते तिथे, उभे करून ठेवायचे. आमच्या इंजिनियरच्या घरी जुलै-ऑगस्टात रद्दी साचत नाही. अग्रलेखांचा इतका थेट उपयोग मी दुसरीकडे पाहिलेला नाही. त्याच्या पत्नीचा आक्षेप बुटांना नाही. अठरा किलोमीटर धावून आलेला माणूस कोपऱ्यावरून कोथिंबीर आणायला स्कूटरची किल्ली शोधतो, याला आहे.

एका आठवड्यातून दुसऱ्या आठवड्यात जाताना अंतर दहा टक्क्यांहून जास्त वाढवू नये, असा धावणाऱ्यांत जुना दंडक आहे. तो ऐकल्यावर बँकवाले क्षणभर थांबले. "दर आठवड्याला दहा टक्के? चक्रवाढ?" त्यांनी मनातल्या मनात हिशेब केला. "सव्वासात आठवड्यांत मुद्दल दुप्पट! अहो, मी तीस वर्षं मुदत ठेवी विकल्या, पण हा दर नाही पाहिला." त्या दिवसापासून ते एकही रविवार चुकले नाहीत. धावण्यापेक्षा व्याज बुडू नये ही तळमळ त्यात जास्त होती.

आता या उद्योगाला परंपरा नाही असं कोणी म्हणू नये. १९१९ मध्ये पुण्याच्या डेक्कन जिमखान्याच्या स्पर्धेत खेड्यापाड्यांतली पोरं अनवाणी धावताना सर दोराबजी टाटांनी पाहिली, त्यांच्या वेळा पाहून ते चकित झाले, आणि पुढच्या वर्षी अँटवर्प ऑलिंपिकला भारताचा चमू गेला. त्यात बेळगावचे फडेप्पा चौगुले मॅरेथॉन धावले आणि एकोणिसावे आले. वेळ दोन तास पन्नास मिनिटं आणि वर काही सेकंद. ना जेलच्या पुड्या, ना घड्याळ, ना कार्बन पट्टीचे बूट. त्याच मातीतले, बीड जिल्ह्यातल्या आष्टी तालुक्यातले अविनाश साबळे नोव्हेंबर २०२० मध्ये दिल्लीत अर्धमॅरेथॉन ६० मिनिटं ३० सेकंदांत धावले आणि राष्ट्रीय विक्रम झाला. माण तालुक्यातल्या ललिता बाबर, नाशिकच्या सावरपाड्याच्या कविता राऊत ही नावं तर घरोघरी माहीत आहेत. या मंडळींच्या लहानपणी शाळा लांब होती, पाणी लांब होतं, त्यामुळे धावणं हा वेगळा कार्यक्रम करावा लागला नाही.

इंजिनियरने हा विक्रम आमच्या हार्बर मार्गावर बसवून पाहिला. साबळे पनवेलहून निघून वाशीच्या पुढे पोचतील तेव्हा तो स्वतः बेलापूरला असेल. हा हिशेब त्याने उत्साहाने सांगितला. बँकवाल्यांनी विचारलं, "आणि मी?" इंजिनियर म्हणाला, "तुम्ही खारघर सोडलेलं असेल." बँकवाले काही बोलले नाहीत, पण त्या आठवड्यात वहीत पंधरा टक्के वाढ दिसली.

बाहेरून मात्र दोघांचं सौहार्द बघण्यासारखं असतं. स्पर्धा जवळ येईल तसं ते वाढतं. "या वेळी काही सरावच झाला नाही हो," इंजिनियर म्हणतो. "माझा तर गुडघा," बँकवाले म्हणतात. दहावीला 'माझा काहीच अभ्यास झाला नाही रे' म्हणून सगळ्या वर्गाला गाफील ठेवून नव्वद टक्के मिळवणाऱ्या मुलांची ही पन्नाशी आहे. धावण्याची नोंद ठेवणाऱ्या त्या ॲपवर प्रत्येक धावेला नाव देता येतं. इंजिनियर तिथे 'सहज फेरी', 'हलकं फुलकं', 'पाय मोकळे केले' अशी नावं देतो. पाय मोकळे करून आल्यावर तो दोन दिवस जिना धरून उतरतो, ही नोंद ॲपमध्ये नसते. बँकवाले ॲपवर नाहीत. म्हणजे तिथे त्यांच्या नावाने कोणी नाही. पण इंजिनियरने पाय मोकळे केल्याची बातमी त्यांना सकाळी आठच्या आत कळते आणि कशी कळते ते त्यांच्या सुनेला विचारायचं नाही.

वयोगट ही या खेळातली सगळ्यांत माणुसकीची सोय. एरवी वय वाढण्याचं बक्षीस कोणी देत नाही. रेल्वेने ज्येष्ठांची सवलत मार्च २०२० मध्ये काढली ती काढलीच. मॅरेथॉनवाले मात्र साठी पूर्ण झाली की माणसाला वरच्या गटात नेऊन बसवतात, जिथे तो अचानक सगळ्यांत तरुण असतो. आपला वाढदिवस स्पर्धेच्या आधी येतो की नंतर, यासाठी जन्मदाखला काढून बसलेली माणसं मी पाहिली आहेत. स्त्री-पुरुष गट वेगळे असतात त्याचं कारण शरीरशास्त्रात सांगतात. मला ते पुरुषांच्या अब्रूत दिसतं. शिक्षिकाबाई आपल्या आधी पोचतात हे कळल्यावर इंजिनियर आणि बँकवाले, दोघांचं आयुष्यात एका गोष्टीवर एकमत झालं: "त्या वेगळ्या गटात आहेत."

जानेवारीतली मुंबई मॅरेथॉन ही या सगळ्यांची पंढरी. २००४ पासून ती चालू आहे, पण पनवेलकराला तिच्यात धावण्यापेक्षा तिच्यापर्यंत पोचणं अवघड. अर्धमॅरेथॉन माहीमहून पहाटे अंधारात सुटते. अलीकडे त्या दिवशी रेल्वे अपरात्री पनवेलहून खास लोकल सोडते, पण ती जाते सीएसएमटीला, जिथून पूर्ण मॅरेथॉनवाले सुटतात. त्यामुळे अर्धे लोक आदल्या रात्री दादरच्या एखाद्या मावशीकडे मुक्कामाला जातात. मावशीला वर्षभर फोन न केलेला भाचा गणपतीला येत नाही, पण जानेवारीच्या तिसऱ्या शनिवारी हमखास येतो, नऊला झोपतो, तीनला उठून अख्खं घर जागं करतो आणि केळी संपवून निघून जातो. परतीच्या वाटेवर मेडल गळ्यात घालून स्टेशनात यावं तर रविवार असतो आणि हार्बरवर मेगाब्लॉक असतो. पेडर रोडचा चढ हसत चढलेली माणसं कुर्ल्याच्या फलाटावर कोसळताना दिसतात.

म्हणून आमच्या दोघांनी अंतिम निकाल घरच्या मैदानावर लावायचं ठरवलं. म्हणजे ठरवलं असं नाही. दोघांनी एकमेकांना न सांगता खारघरच्या एकाच स्पर्धेत नाव घातलं आणि नंबर घ्यायला गेल्यावर रांगेत भेट झाल्याचं आश्चर्य वाटून घेतलं.

आदल्या रात्री दोन्ही घरांत वरण-भात. एरवी भात कमी करा म्हणणारे डॉक्टर आणि घरचे त्या दिवशी गप्प असतात, कारण कर्बोदकांचा साठा करायचा असतो. मग टेबलावर बनियन पसरून छातीवर नंबराचा कागद लावण्याचा विधी. चार कोपरे, चार पिना. संयोजकांनी दिलेल्या पिना नेहमी तीन निघतात. चौथी बायकोच्या साडीची. कागद सरळ बसत नाही. एक कोपरा वर जातो, तो खाली ओढला की दुसरा फुगतो. इंजिनियर पूल बांधतो, पण हा कागद त्याला अकरा वाजेपर्यंत पुरला.

पहाटे मैदानावर पाच हजार वॉटच्या गाण्यांवर झुंबा चालू होता. धावण्याआधी लोकांना दमवण्याची ही प्रथा कोणी काढली, कळत नाही. इंजिनियर अर्धा तास आधीच सुरुवातीच्या रेषेपाशी जाऊन पहिल्या रांगेत उभा राहिला. बँकवाले फिरत्या शौचालयाच्या रांगेत होते. तिथे त्यांनी टोकन पद्धत का नाही, असं स्वयंसेवकाला विचारलं. तोवर बंदूक वाजली. ते रेषेवर पोचले तेव्हा इंजिनियर दीड मिनिट पुढे गेलेला होता.

पुढची गोष्ट रस्त्यावरची, आणि ती सगळ्यांचीच सारखी असते. पहिले पाच किलोमीटर आपण साबळे असतो. दहाला इंजिनियर. पंधराला टेम्पोवाल्याची आठवण येते. मधे '२:१०' असा झेंडा पाठीला लावून वेगाचा मापारी धावत असतो, त्याच्या मागे पन्नासएक लोक. झेंडा पुढे निघून जाताना दिसला की पोटात जो गोळा येतो, तो लोकल चुकल्यावरही येत नाही, कारण लोकल चार-दहा मिनिटांनी दुसरी असते. वाटेत शाळेचं लेझीम पथक, पुढे ढोल-ताशा, आणि गॅलरीत दात घासत उभे राहून 'अजून थोडंच राहिलंय' असं खोटं सांगणारे खारघरकर. अठराव्या किलोमीटरला बँकवाल्यांना ती पाठ दिसली. मानेखाली घामाचा भारताच्या नकाशासारखा डाग, उजवीकडे किंचित कललेली चाल. त्यांनी खिशातून शेंगदाण्याची चिक्की काढली, मोडली, अर्धी तोंडात टाकली आणि उरलेली अर्धी कागदात नीट गुंडाळून परत ठेवली. मग वेग वाढवला.

इंजिनियरने शेवटची कमान ओलांडली आणि वळून पाहिलं. चाळीस सेकंदांनी बँकवाले आले. इंजिनियरने मोठ्या मनाने हात पुढे केला. बँकवाल्यांनी तो घेतला आणि म्हणाले, "अभिनंदन कशाबद्दल? मी जिंकलो."

इथे तंत्रज्ञान आलं. नंबराच्या कागदाच्या मागे एक चिप असते. ती सुरुवातीच्या पट्टीवरून गेल्यापासून शेवटच्या पट्टीपर्यंतची वेळ मोजते. बंदुकीची वेळ वेगळी, चिपची वेगळी. बंदुकीने इंजिनियर पुढे. चिपने बँकवाले पन्नास सेकंदांनी पुढे. निकालाच्या पानावर दोन्ही रकाने शेजारी शेजारी. आणि गंमत अशी की जन्मभर लाल वहीवर भरवसा ठेवलेले बँकवाले त्या दिवशी चिपची थोरवी सांगत होते, आणि झोपही घड्याळाला विचारून घेणारा इंजिनियर "डोळ्यांनी दिसतं ते खरं" या पक्षात गेला होता. "रेषा आधी कोणी ओलांडली?" "धावला कमी वेळ कोण?" वाद नाश्त्याच्या उपम्यापर्यंत चालला. स्टेजवर शिक्षिकाबाईंचं नाव पुकारलं तेव्हा दोघांनी क्षणभर थांबून टाळ्या वाजवल्या. त्यांना दुसरं बक्षीस होतं. त्या ट्रॉफी पिशवीत टाकून, घरी पाहुणे आहेत म्हणून, रिक्षा शोधायला गेल्या. त्यांची वेळ या दोघांच्या कुठल्याही रकान्यापेक्षा बारा मिनिटांनी कमी होती. पण त्या वेगळ्या गटात.

उपमा संपता संपता इंजिनियर म्हणाला, "ठीक आहे. पुढच्या वर्षी एकाच रेषेवरून, शेजारी शेजारी उभे राहून सुटू. मग बघू."

बँकवाल्यांनी उरलेली अर्धी चिक्की काढली. "पुढच्या वर्षी जमायचं नाही. मार्चमध्ये मला साठ पुरी होतात. वरचा गट."

"म्हणजे?"

"म्हणजे तिकडे मी सगळ्यांत लहान! तुमचं चालू द्या."

इंजिनियर इतका हादरलेला मी पेडर रोडच्या चढावरही पाहिला नव्हता. गटात बाकी शंभरएक माणसं होती; पण पाठी ओळखीच्या नव्हत्या. ज्याच्यासाठी चारला उठायचं, ॲपवर खोटी नावं द्यायची, गणपतीत मोदक दोनच खायचे, तो माणूस उठून वरच्या मजल्यावर राहायला निघाला होता. आणि वर जायला याला अजून नऊ वर्षं होती.

त्याच संध्याकाळी त्याने संयोजकांना ईमेल पाठवला. वेळेबद्दल तक्रार असेल असं त्यांना वाटलं असणार. तक्रार नव्हती. पन्नास ते साठ या गटातून सभासदाला मुदतीआधी वर जाता येईल अशी काही स्वेच्छानिवृत्तीची योजना आहे का, अशी नम्र विचारणा होती.